कुणाला सांगितलंस का?

पहिल्या वेळी दिवस राहिले तेव्हा मी सहाव्याच आठवड्यात सगळ्यांना सांगून टाकलं होतं. आईला, सासूबाईंना, ऑफिसात, ट्रेनच्या ग्रुपला. कन्नमवार नगरच्या बाजारातल्या मासेवाल्या मावशींनासुद्धा, कारण त्यांनी बोंबील पुढे केले आणि माझ्या पोटात ढवळून आलं, तेव्हा काहीतरी कारण देणं भाग होतं. त्या एवढ्या हसल्या की बाजूच्या दोघी-तिघींनाही कळलं. साडेनऊ आठवड्यांना सोनोग्राफीत ठोके सापडले नाहीत. वाढ सातव्या आठवड्यातच थांबली होती म्हणे.

त्या दिवसाबद्दल फार लिहीत नाही. क्युरेटिंग झालं, दंडात एक इंजेक्शन दिलं, संध्याकाळी घरी आले. खरा त्रास पुढे झाला. गोड बातमी एका मेसेजमध्ये पन्नास जणांना जाते. ती राहिली नाही हे मात्र एकेकाला वेगवेगळं सांगावं लागतं, तेही समोरचा विचारेल तेव्हा. सोसायटीच्या वॉचमनने चार महिन्यांनी विचारलं, "मॅडम, पेढे कधी?" मावससासूबाईंनी तर माझ्यासाठी बाळंतविड्याचं कापड घेऊन ठेवलं होतं. मासेवाल्या मावशींची गल्ली मी टाळायलाच लागले. मासे हवे असले की नवऱ्याला पाठवायचे. तो बिचारा दर वेळी बांगडेच आणायचा, कारण त्याला तेवढेच ओळखता येतात.

ऑफिसात मी चार दिवसांची कॅज्युअल टाकली आणि पाचव्या दिवशी टेबलाशी बसले. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा कायद्यातच आहे, हे मला वर्षभराने कळलं. एचआरमधल्या बाईंना ते माहीत होतं की नव्हतं, मी विचारलं नाही. डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं, एवढंच. ज्यांच्यावर ती वेळ येईल त्यांनी ते मागून घ्यावं.

दुसऱ्या वेळी दिवस राहिले ते दिवाळीनंतर, नोव्हेंबरात. पट्टीवर दोन रेघा आल्या, तेव्हा नवऱ्याने पहिला प्रश्न केला, "कुणाला सांगितलंस का?" सकाळचे सहा वाजले होते. बाथरूममधून बाहेर येऊन मला दोन मिनिटंही झाली नव्हती. मी कुणाला सांगणार? पण त्याच्या आवाजात भीती होती ती मला कळली. आपल्याकडे तीन महिने बोलू नये म्हणतात, दृष्ट लागते म्हणून. दृष्टीबिष्टीवर माझा विश्वास नाही, पण ज्या कोणी हे ठरवलं त्यांना ते सांगितलेलं परत घेण्याचं दुखणं ठाऊक असावं. कळलेल्या गर्भधारणांपैकी दहात एक-दोन तरी पडतात, आणि त्यातल्या बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. निम्म्याच्या आसपास वेळा गुणसूत्रांतच चूक झालेली असते. जिना चढला, पपई खाल्ली, ओझं उचललं, याने काही झालेलं नसतं. हे डॉक्टरांनी मला मागच्या वेळीही सांगितलं होतं. पण मी तरीही दोन वर्षं त्या आठवड्यात खाल्लेलं सगळं आठवत बसले होते.

तर या वेळी गप्प. आणि गप्प बसण्याची किंमत मला ट्रेनमध्ये मोजावी लागली.

विक्रोळीला फास्ट थांबत नाही. स्लो लोकलने सीएसएमटीपर्यंत विक्रोळी धरून चौदा स्टेशनं, सकाळी सव्वाआठच्या सुमारास लेडीज डब्यात पाय ठेवायला जागा मिळाली तर नशीब. बसायचं तर 'कुठे?' असं विचारत फिरायचं, आणि कोणी 'भायखळा' म्हणाली की तिच्यासमोर ठाण मांडायचं. पोट दिसत असेल तर बायका उठतात, याबाबतीत मुंबईच्या बायकांना तोड नाही. पण आठव्या आठवड्यात पोट कुठे असतं? मळमळ मात्र तेव्हाच सगळ्यात जास्त. कुर्ल्याला गर्दी आत घुसली की केसातल्या तेलांचे वीस प्रकारचे वास, आणि मस्जिदला दाराशी मसाल्याचा झोत. एकदा मी हातातल्या डब्याच्या पिशवीतच उलटी केली. समोर मटार सोलत बसलेल्या बाईने एक शब्द न बोलता उठून मला जागा दिली आणि स्वतः उभी राहून मटार सोलायला लागली. घाटकोपरला चढणारी, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. नाव तोवर मला माहीत नव्हतं. आईच्याही आधी माझं गुपित तिला कळलं. तिने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही, फक्त दुसऱ्या दिवसापासून तिच्या पर्समध्ये माझ्यासाठी आवळासुपारी असायची.

गरोदर बाईला दिव्यांग डब्यातून जाता येतं, हेही तिनेच सांगितलं. पण तिथे पहिल्याच दिवशी एका गृहस्थांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बरोबरच होतं त्यांचं. धडधाकट माणसं त्या डब्यात रोज घुसतात. मी पर्समधून सोनोग्राफीचा कागद काढून दाखवला. असं, सासूला न सांगितलेली गोष्ट मी विद्याविहार आणि कुर्ल्याच्या मध्ये एका अनोळखी माणसाला कागदोपत्री सिद्ध करून दाखवली.

डॉक्टर आम्ही बदलल्या होत्या. नवीन बाईंनी पहिल्याच भेटीत रक्तगट विचारला. माझा बी निगेटिव्ह, नवऱ्याचा ओ पॉझिटिव्ह. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मागच्या वेळी अँटी-डी दिलं होतं का?"

मला माहीत नव्हतं. डिस्चार्ज कार्डावर 'इंजेक्शन दिले' एवढंच होतं. कुठलं, ते नाही. मग त्यांनी कागदावर दोन गोल काढून समजावलं. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळाच्या रक्ताचे थेंब आईच्या रक्तात जाऊ शकतात, बाळंतपणात किंवा गर्भपातातसुद्धा. आईचं शरीर त्या पेशींना परकं समजतं आणि त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करून ठेवतं. पहिल्या बाळाला सहसा काही होत नाही, पण पुढच्याच्या लाल पेशी त्या अँटीबॉडी फोडू शकतात. अँटी-डी वेळेत दिलं तर ती तयारीच होत नाही. आपल्याकडे शंभरात पाचेक जणींचाच गट निगेटिव्ह, त्यामुळे ज्यांना लागत नाही त्यांना हे नावही माहीत नसतं. मलाही नव्हतं, आणि माझा गट मला शाळेच्या ओळखपत्रापासून पाठ आहे!

तपासणीला रक्त दिलं. रिपोर्ट यायच्या त्या तीन दिवसांत मी घरातल्या सगळ्या फायली उपसल्या. शेवटी नवऱ्यानेच त्याच्या प्राप्तिकराच्या फोल्डरमधून केमिस्टचं बिल काढलं. त्यावर स्पष्ट छापलं होतं, अँटी-डी, 300 मायक्रोग्रॅम. हा माणूस प्रत्येक बिल ठेवतो म्हणून मी सात वर्षं त्याच्याशी भांडतेय. त्या रात्री भांडले नाही. इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्टही निगेटिव्ह आली, म्हणजे माझ्या रक्तात त्या अँटीबॉडी नव्हत्या. नंतर आईला कळलं तेव्हा ती फोनवर घाबरली, "सगळंच निगेटिव्ह कसं गं तुझं?" तिला समजवायला अर्धा तास गेला की यात निगेटिव्ह म्हणजे देव पावला.

(ऑफिसातला एक शहाणा म्हणाला, "म्हणजे तुझा तो बॉम्बे ब्लड ग्रुप का?" नाही रे बाबा. तो निराळा. 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो इथेच, मुंबईत सापडला, म्हणून त्याला शहराचं नाव. त्या माणसांना ओ गटाचं रक्तही चालत नाही. माझं दुखणं त्यापुढे फारच किरकोळ.)

बारावा आठवडा संक्रांतीच्या आधी पूर्ण झाला. एनटी स्कॅनला, म्हणजे बाळाच्या मानेमागचं पाणी मोजायच्या सोनोग्राफीला गेलो. दारातच पाटी, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. 'एफ' फॉर्म, आधारची झेरॉक्स, मला लिंग जाणून घ्यायचं नाही यावर सही. हे सगळं 1994 च्या कायद्याने आलं, महाराष्ट्राने तर 1988 मध्येच आपला वेगळा कायदा केला होता. बाहेरच्या बाकावरची एक आजी सुनेला विचारत होती, "एवढ्या सह्या कशाला? आपल्याला कुठे काही विचारायचंय?" सून काही बोलली नाही.

आत टेबलावर पडल्यावर मी पडद्याकडे बघत नव्हते. डॉक्टरांच्या भुवयांकडे बघत होते. मागच्या वेळी त्या दुसऱ्या डॉक्टर बोलता बोलता एकदम गप्प झाल्या होत्या, आणि त्या शांततेतच मला कळलं होतं. या बाई तर पहिल्यापासूनच गप्प. टकटक बटणं दाबतायत, माऊस फिरवतायत. दीड-दोन मिनिटं गेली असतील. माझे तळवे गार पडले. मग त्या म्हणाल्या, "फार हलतंय हो, मोजूच देत नाहीये."

त्यांनी आवाज लावला. मिनिटाला 160. घोडा टापा टाकत जातो तसं म्हणतात सगळे. मला तो आमच्या जुन्या शिलाई मशीनसारखा वाटला, आई परकराची टीप घालायची तेव्हाचा. मानेमागच्या पाण्याची जाडी 1.4 मिलिमीटर आली. डबल मार्करच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट आला 2300 मध्ये 1, म्हणजे बाळाच्या गुणसूत्रांत दोष असण्याचा धोका कमी. मी डॉक्टरांना विचारलं, "पण तो एक कोण?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्ही बँकेत आहात का?" मी विमा कंपनीत आहे, ते मी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी आईला फोन केला, मग सासूबाईंना सांगितलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मला वाटलंच होतं, तू चहा सोडलास तेव्हा." मग आत गेल्या आणि देवापुढे साखर ठेवली. मला वाईट वाटलं. एकाच घरात राहून दोन महिने ती बाई न विचारता थांबली होती. मागच्या वेळी मला बघून त्याही रडल्या असतील, हे तोवर माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मार्चमध्ये विसाव्या आठवड्याचा स्कॅन झाला. हृदयाचे चार कप्पे, मणका, दोन मूत्रपिंडं, ओठ, पावलं, सगळं मोजून झालं. वार पुढच्या बाजूला आहे असं लिहून आलं. म्हणूनच मला हालचाल उशिरा जाणवली. जावेला अठराव्या आठवड्यात जाणवली होती म्हणे, त्यामुळे मी रोज रात्री पोटावर हात ठेवून छताकडे बघत पडायचे. एकविसाव्या आठवड्यात सायनला गाडी सिग्नलला अडकली होती, आणि बेंबीखाली कढईतल्या तेलात बुडबुडा फुटावा तसं झालं. मला वाटलं गॅसेस. परत झालं. मी घाटकोपरवालीचा हात धरून ठेवला. ती म्हणाली, "बसायचंय का?" मी बसलेलीच होते.

पुढचं सगळं एप्रिल-मेमध्ये एकदम अंगावर आलं. 75 ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी रक्त दिलं. हद्द 140, माझी साखर 146. औषध नको, पथ्य करा. आणि पथ्य कधी, तर आंब्याच्या दिवसांत. माझं माहेर चिपळूणचं. आईने हापूसची पेटी पाठवलेली, पलंगाखाली गवतात आंबे पिकतायत, घरभर वास, आणि मी ज्वारीची अर्धी भाकरी आणि मोडाची उसळ खाऊन सोसायटीला चकरा मारतेय. नवरा गॅलरीत जाऊन, माझ्याकडे पाठ करून आंबा खायचा. त्याला वाटायचं मला कळत नाही. डोहाळे लागले तरी पुरवायचे कोणी आणि कसे?

अठ्ठावीस आठवडे बरोबर 1 मे रोजी भरले. महाराष्ट्र दिनाची सुट्टी, ओपीडी बंद, म्हणून अँटी-डी दुसऱ्या दिवशी घेतलं. या वेळी रिकाम्या बाटलीवरचं लेबल मी स्वतः मागून घेतलं आणि फाइलला चिकटवलं. सिस्टर हसल्या. हसू देत.

डोहाळेजेवणाला माझा विरोध होता. झोपाळा, चंद्रकोर, फुलांचे दागिने, फोटोवाला, काही नको म्हटलं. सासूबाईंनी फक्त सोसायटीतल्या बायका बोलावल्या आणि हिरवी साडी नेसवून ओटी भरली. त्यात झाकलेल्या दोन वाट्या आल्याच. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. डॉक्टरकडे तीन सह्या करून आलेली मी, इथे वाटी उघडायला बसले. बर्फी निघाली. क्षणभर कोणी बोललं नाही. मग एक काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "असू दे गं, पहिली बेटी धनाची पेटी." 'असू दे' कशाला? मी बर्फीचा कोपरा मोडून तोंडात टाकला, 146 गेली खड्ड्यात.

खरं भांडण बाळंतपण कुठे यावर झालं. पहिलं बाळंतपण माहेरी, आईचा हट्ट होता. अळीव, डिंक, शेक-शेगडी, तिने सगळी तयारी केली होती. मला माझ्या डॉक्टर आणि हाताशी रक्तपेढी हवी होती. तारीख आहे 24 जुलै. "मुंबईत जुलैत पाणी भरतं," आई म्हणाली. मी म्हटलं, "आणि चिपळुणात?" 2021 च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी आमच्या मामाच्या पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत आलं होतं. ती गप्प बसली. मग म्हणाली, "मीच येते तिकडे." आली. येताना शेगडीसुद्धा घेऊन आली, कोकण रेल्वेने, गोणपाटात बांधून.

पण पाण्याची धास्ती आमच्या घरालाही आहेच. 26 जुलै 2005 ला सांताक्रुझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा सासूबाई दादरहून चालत पहाटे विक्रोळीला पोचल्या होत्या. ती गोष्ट त्या आता सांगत नाहीत, माझ्यासमोर तर नाहीच. नवऱ्याने मात्र महापालिकेने जाहीर केलेली भरतीची यादी छापून फ्रिजवर लावलीय. साडेचार मीटरच्या वरच्या लाटांचे दिवस लाल पेनाने, भरतीच्या वेळांसकट. त्या लाल खुणांत माझी तारीख निळ्या पेनाने. हॉस्पिटलही त्याने मुलुंडचं निवडलं, कारण आमच्याकडून सरळ हायवेने जाता येतं, कुर्ला-सायनच्या बाजूला वळावं लागत नाही. खाली 108 लिहिलंय, आणि सोसायटीतल्या दोन रिक्षावाल्यांचे नंबर. त्याला कधी 'भीती वाटतेय का' असं विचारलं तर 'छे' म्हणतो.

हे लिहितेय तेव्हा सदतिसावा आठवडा लागलाय. बॅग भरून दाराशी आहे. रात्री जेवणानंतर हालचाल मोजते. दोन तासांत दहा व्हायला हव्यात. एका वाटीत दहा शेंगदाणे घेऊन बसते, एक लाथ, एक दाणा. बहुतेक वेळा वाटी वीस मिनिटांत रिकामी होते. परवा पाऊण तास लागला तर मी नवऱ्याला बूट घालायला लावले होते. मग सात एकदम आल्या. आई म्हणाली, "झोपलं असेल गं, तुझ्यासारखंच."

काल पावसाने जरा उघडीप दिली, म्हणून बाजारात गेले. एकटीच. दोन वर्षांनी त्या गल्लीत. मासेमारी बंद आहे, जून-जुलै दोन्ही महिने, त्यामुळे मावशींसमोर सुके बोंबील, सोडे, जवळा. त्यांनी आधी माझ्या पोटाकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"कवाची तारीख हाय?"

"चोवीस जुलै. पण मावशी, अजून..."

"एकतीसला बंदी उठतंय," त्या बोटं मोजत म्हणाल्या. "होड्या जातील, पहिली मोरी येल ती तुला ठेवतंय. बाळंतिणीला दूध येतं बघ. अर्धा किलो का एक?"

मी क्षणभर थांबले आणि अर्धा किलो सांगितली. ॲडव्हान्स द्यायला पर्स उघडली तर त्यांनी हात झटकला. "माशाचा ॲडव्हान्स कोन देतं गो? येडी कुठली."